दोन ठिपक्यांची टोपी

रेडा उभा राहिला तर वरच्या वस्तीला पाणी, नाही तर बायकांच्या डोक्यावर हंडे, असा सरळ मामला होता. रेडा म्हणजे फौजेने मोडीत काढलेला एक जुना ट्रक. बसकं नाक, अंगावर हिरव्या रंगाचे पापुद्रे, आणि सगळीच चाकं ओढणारी असल्यामुळे चढणीला लागला की मान खाली घालून रेटत जायचा. वस्तीची वाट इतकी उभी की दुसरी कुठलीही गाडी अर्ध्यातून माघारी घरंगळायची. वस्तीची विहीर आटली की रेडा पाठीवर टाकी घेऊन खालच्या डोहातलं पाणी वर पोचवायचा. यंदा ऊन तापायच्या आधीच त्याने धूर ओकायला आणि ऑइल प्यायला सुरुवात केली, तेव्हा वस्तीच्या कारभाऱ्याने तो ट्रॅक्टरने ओढून आणला आणि मिस्त्रीच्या दारात उभा केला.

मिस्त्रीचं दुकान चढणीच्या पायथ्याला होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या, मधे एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे ग्रीस आणि पलीकडे फोडणी, आणि बायकोच्या कपड्यांना दोन्हींचा वास. मिस्त्रीचा हात चांगला होता, हे कुणीही मान्य करत असे. तोंडही हातापेक्षा मागे नव्हतं. केस गेले होते, पोट पुढे आलं होतं, वाकलं की धाप लागत होती, पण इंजिनात हात घातला की तो पंचविशीचा व्हायचा. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासरा. त्याला सगळे फौजी म्हणत. फौजी खरा, पण त्याने आयुष्यात एक गोळी झाडली नव्हती. झाडला तो फौजेच्या वर्कशॉपमधला केर, आणि मग हळूहळू पान्हा हातात आल्यावर अशाच रेड्यांची इंजिनं खोलली आणि जोडली. बायको गेल्यावर तो लेकीकडे राहायला आला. लेकीच्या घरी बापाने कसं राहावं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. खोकला आला तर उठून अंगणात जाऊन खोकायचा. लेक दुसऱ्यांदा वाढायला आली की ताटावर हात आडवा धरायचा. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता, तेही तो बोलत नसे. त्याच्याजवळ कॅनव्हासची एक गुंडाळी होती. तिच्या कप्प्याकप्प्यांत पान्हे, तारा, पंच, कानशी. रात्री ती उशाशी ठेवून झोपायचा.

रेडा आला आणि म्हाताऱ्याच्या अंगात जीव आला. बोनेट उघडून त्याने आत डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग ग्रीसने माखलेलं नाक घेऊन वर आला आणि म्हणाला, "ओळख निघाली."

त्या दिवसापासून शेडमध्ये माणसं येऊन बसू लागली. कारभारी यायचा. रेड्याचा ड्रायव्हर लंबू यायचा. लंबू इतका बुटका की स्टिअरिंगच्या वरून बघायला बुडाखाली गोणपाटाची घडी घ्यायचा. आणि जो येईल तो प्रश्न फौजीला विचारायचा. हा पंप कसा, ही नळी कुठे जाते. फौजी सांगायचा. "फौजेची गाडी, फौजीच जाणे," असं लंबू एकदा बोलून गेला. मिस्त्रीही सगळ्यांबरोबर हसला. पण ते वाक्य चपलेत खडा जावा तसं त्याच्या पायाखाली येत राहिलं. दुकान कुणाचं, पाटी कुणाच्या नावाची, आणि भाव कुणाला?

मिस्त्री नवी बेअरिंगं आणि रिंगा आणायला शहरात गेला. परत येऊन बघतो तो इंजिन स्टँडवर पालथं, क्रँक बाहेर काढलेला, आणि एकेक भाग रॉकेलने धुऊन गोणपाटावर ओळीने मांडलेला. फौजी बाजूला उकिडवा बसून हात पुसत होता. चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा आनंद.

"खोलून ठेवलंय, जावईबापू," तो म्हणाला. "टोप्यांवर खुणा मारल्यात. जोडताना मला फक्त एक हाक मारा."

क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरता कणा. तो ज्या बेअरिंगांवर फिरतो, ती लोखंडी ठोकळ्यांनी इंजिनाच्या सांगाड्याला, म्हणजे ब्लॉकला, आवळलेली असतात. दुकानात सगळे त्या ठोकळ्यांना टोप्या म्हणत. ज्या जागेची टोपी त्याच जागेवर बसली पाहिजे, कारण कारखान्यात भोक पाडताना ती तिथेच आवळून पाडलेलं असतं. या इंजिनाला चार टोप्या. पहिली आणि शेवटची आकारानेच वेगळ्या, त्या आंधळ्यालाही चुकायच्या नाहीत. मधल्या दोन मात्र जुळ्या बहिणी. त्यांच्यावरचे कारखान्याचे आकडे कधीच झिजून गेले होते. फौजीने एकीवर पंचाने दोन ठिपके मारले होते, दुसरीवर तीन.

मिस्त्रीने ठिपके पाहिले. "मी येईपर्यंत थांबला असतात तर बरं झालं असतं, मामा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. जावयाने सासऱ्याशी बोलावं तसा आदराने बोलला, म्हणजे जरा जास्तच लागेल असा. मग म्हाताऱ्याला काहीतरी द्यायचं म्हणून त्याने ब्लॉकमधली ऑइलची छिद्रं साफ करायचं काम दिलं. फौजीने ते दिवसभर पुरवलं. प्रत्येक छिद्रात तार घालायची, रॉकेल सोडायचं, मग तोंड लावून फुंकायचं. संध्याकाळी जेवायला बसला तेव्हा त्याचे ओठ काळे होते, आणि लेकीने ते ओल्या फडक्याने लहान मुलाचे पुसावेत तसे पुसले.

दुसऱ्या दिवशी फौजी डोहावर आंघोळीला गेला असताना मिस्त्रीने क्रँक ब्लॉकमध्ये ठेवला. दोन ठिपक्यांची टोपी हातात घेतली. दोन ठिपके म्हणजे दोन नंबर. दोन नंबर म्हणजे पंख्याकडून दुसरी. तो जन्मभर पंख्याकडूनच मोजत आला होता. तरी हात जरा थांबला. म्हातारा हाक मारा म्हणाला होता. पण समोर बाकावर कारभारी बसला होता, शेजारी लंबू पाय हलवत होता. त्यांच्यादेखत विचारायचं, मामा, कुठली टोपी कुठे? मिस्त्रीने टोपी बसवली, दुसरी बसवली, आणि बोल्ट आवळले.

दांडा लावून क्रँक फिरवायला गेला तर हलेना. दांड्यावर पाइप चढवला, अंगाचा भार टाकला, तेव्हा कुरकुरत फिरला.

"जड वाटतंय," लंबू म्हणाला.

"नवे बूट पहिल्या दिवशी चावतातच," मिस्त्री म्हणाला, आणि सगळे हसले. दारात फौजी ओल्या केसांनी उभा होता. तो हसला नाही. मान तिरकी करून पाइपचा आवाज ऐकत होता. त्याने विचारलं, क्रँक जड फिरतोय का. मिस्त्रीने त्याला कपडे बदलायला सांगितलं, नाही तर सर्दी होईल म्हणाला.

इंजिन चालू झालं. सपाटीवर एक फेरीही मारून झाली. जरा लवकर तापत होतं, पण ऊनही तापलेलं होतं. मग टाकी काठोकाठ भरून रेडा चढणीला लागला. लंबू गोणपाटाच्या घडीवर, शेजारी मिस्त्री, आणि मागे टाकीला पाठ लावून फौजी. पहिल्या वळणावर जळका वास आला. दुसऱ्या वळणावर ऑइलचा काटा पडला, आणि लंबूने तो मिस्त्रीला दाखवायच्या आत खालून घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. रेडा मागे सरकायला लागला. ब्रेकने ऐकेना. लंबूने चाक पिळून मागचं अंग दरडीवर घातलं, म्हणून खाली कोसळायचं टळलं. पण टाकीची तोटी फुटली.

वस्तीवरच्या बायका वळणावर हंडे घेऊन वाट बघत बसल्या होत्या. पाणी रस्त्याने धावत सुटलेलं पाहून त्या उठल्या आणि त्याच्या मागे पळाल्या. कुणी हंडा आडवा लावला, कुणी नुसत्या हातांनी धुळीचा बांध घालायला बघत होती. हाताला लागलं ते चिखलपाणी. एका म्हातारीने तेही हंड्यात घेतलं. फौजी मागून खाली फेकला गेला होता. गुडघा सोलवटला होता, आणि तो उठून त्या बायकांकडे बघत नुसता उभा होता.

कारभारी धावत आला. झालं काय, हे त्याने मिस्त्रीला विचारलं. सगळेच मिस्त्रीकडे बघायला लागले. मिस्त्रीने बोनेट उघडलं. उघडून काही दिसणार नाही हे त्याला माहीत होतं, पण तोंड लपवायला तेवढी जागा बरी होती. आतूनच तो म्हणाला, "ऑइल पोचलं नाही. आतलं एखादं छिद्र तुंबलेलं राहिलं असणार."

नाव त्याने कुणाचंच घेतलं नाही. डोकं बाहेर काढताना एकदा फक्त सासऱ्याच्या डोळ्यांकडे बघितलं. छिद्रं कुणी साफ केली होती, हे साऱ्या शेडला ठाऊक होतं.

"फौजी, दिसत नाही तर सांगायचं," कारभारी म्हणाला. चांगला माणूस, हळूच म्हणाला.

"मी तार घातली होती," फौजी म्हणाला. "प्रत्येकात घातली होती." मग त्याने आपल्या बोटांकडे बघितलं. कुणी विचारलं नसताना म्हणाला, "एखादं राहिलं असेल."

घरी लेकीने गुडघ्याला हळद लावली. मग उशाशी ठेवलेली कॅनव्हासची गुंडाळी उचलली. आता बास, डोळे गेले तर गेले, हाताची बोटं तरी राहू देत, असं काहीतरी ती बोलत होती, आणि बोलताना रडत होती. गुंडाळीचा बंद सुटला होता, तो नीट बांधून फौजीनेच ती पुन्हा तिच्या हातात दिली. तिने ती फळीवर अगदी वर, डब्यांच्या मागे ठेवली. दुसऱ्या दिवशी बापाचं मन रमावं म्हणून तिने त्याला तांदूळ निवडायला दिले. त्यांत खडे राहिले. तिने काही न बोलता ताट घेतलं आणि पुन्हा निवडलं, आणि ते त्याने पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फौजी दोन डबे घेऊन डोहावर गेला, भरले, आणि वस्तीच्या बायकांच्या मागोमाग चढणीला लागला. लेक आडवी आली. या वयात, या गुडघ्याने? तो म्हणाला, "त्या बायकांनी रस्त्यावरून पाणी गोळा केलं गं." आणि तिला वळसा घालून गेला.

तो रोज जायला लागला. बायका पुढे निघून जायच्या, हा मागे दहा पावलं टाकून थांबायचा, डबे टेकवायचा, पुन्हा उचलायचा. डब्यांच्या कड्या हातात रुतून तळव्यांवर लाल वळ उठले. घरी आल्यावर लेकीने पाण्याचा पेला दिला तर अर्धा प्यायचा आणि अर्धा हळूच डब्यात ओतायचा.

इकडे मिस्त्रीने चेनपुली लावून इंजिन पुन्हा उतरवलं. शेडमध्ये आता कुणी बसायला येत नव्हतं. त्याने एकट्यानेच खालची बाजू उघडली. सगळ्यात आधी छिद्रं बघितली. बॅटरी मारली तर आत लख्ख. तोंड लावून फुंकलं तर पलीकडच्या हातावर वारा लागला. सगळ्या छिद्रांचं तेच. मग टोप्या काढल्या. मधलं एक बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलं होतं, दुसरं खुळखुळं झालं होतं. त्याने मधल्या दोन्ही टोप्या हातात घेतल्या. मग अदलाबदल करून जागेवर ठेवल्या. त्या अशा बसल्या की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडलं नाही.

दोन ठिपक्यांची टोपी पंख्याकडून तिसरी होती. म्हणजे शेपटीकडून दुसरी. म्हाताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिन स्टँडवर चढवलं की फ्लायव्हीलची, म्हणजे शेपटीची, बाजू माणसाकडे यायची, म्हणून त्यांचा एक नंबर तिकडून सुरू व्हायचा. हे त्याने एकदा जेवताना सांगितलंही होतं. फौजेत सगळं उलटंच, असं म्हणून मिस्त्री तेव्हा पोट धरून हसला होता.

त्याला एवढी लाज वाटली की शेडमध्ये एकटा असून त्याने मान खाली घातली. कानशिलं गरम झाली. आणि लाजेच्या भरात माणूस शहाणपण करतो असं थोडंच आहे? त्याने शेडचं दार ओढून घेतलं, टोप्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरल्या, कानशीने ठिपके उडवले, आणि आपल्या मोजणीप्रमाणे नवे मारले. खरं तर याची काही गरज नव्हती. टोप्या गपचूप आपापल्या जागी बसवल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण चोराच्या मनात चांदणं.

दुपारी फौजी वरून आला. खांदे उतरलेले, घाम वाळून मानेवर पांढरा झालेला. शेडच्या दाराशी थांबून त्याने विचारलं, "छिद्रात काय निघालं?"

"थोडा गाळ होता," मिस्त्री म्हणाला.

"कुठल्या?"

"मधल्या."

फौजीने मान हलवली. आत न येताच तो मागे निघून गेला.

क्रँक शहरात लेथवाल्याकडे गेला. घासून माप कमी करायचं, त्या मापाची बेअरिंगं आणायची, वेळ लागणार होता. तोवर गोष्ट चढणीवरून सगळीकडे पसरली आणि तिची म्हण झाली. कुणाची नळी तुंबली की लोक म्हणत, फौजीला बोलवा, तार घालेल. कुणाला ऐकू कमी आलं तरी तेच. लंबूने एकदा शेडमध्ये हे सांगितलं आणि मिस्त्रीला हसावं लागलं. हसताना त्याचं लक्ष भिंतीकडे होतं. भिंतीपलीकडे म्हातारा तळव्यांना तेल चोळत बसलेला असणार, आणि भिंत एकच होती.

क्रँक आला त्या दिवशी मिस्त्रीने सगळे भाग पुन्हा गोणपाटावर मांडले. फौजी पाणी पोचवून परतला होता. उन्हातून आलेला, शेडच्या सावलीत जरा टेकला. हात आपोआप गोणपाटाकडे गेले. त्याने एक टोपी उचलली. डोळ्यांजवळ नेली नाही. ते आता जमत नव्हतं. अंगठा फिरवला. अंगठा ठिपक्यांवर थांबला, मागे आला, पुन्हा फिरला. कानशीची कड अजून बोचरी होती. त्याने ती टोपी ठेवली, दुसरी उचलली. तिच्यावरूनही अंगठा फिरला.

मिस्त्रीच्या हातातलं फडकं थांबलं. फौजीने टोपी जिथून उचलली होती तिथेच ठेवली. बाजूची ब्लॉकची छिद्रं चाचपली, एका छिद्रात करंगळी घालून बघितली. मग अंगठा पायजम्याला पुसला. "चहा झाला का बघतो," म्हणाला आणि आत गेला.

संध्याकाळभर मिस्त्री वाट बघत राहिला. म्हातारा आता बोलेल, जेवताना बोलेल, लेकीसमोर बोलेल. तो बोलला असता तर मिस्त्री भांडला असता, आणि भांडणात निम्मी लाज निघून जाते. फौजी काही बोलला नाही. लेक वाढायला आली तेव्हा त्याने ताटावर हात आडवा धरला. त्या तळव्यावरचे वळ मिस्त्रीला ताटासमोर बसल्या बसल्या दिसत होते.

सकाळी उठून बघतो तो म्हातारा डबे घेऊन निघालेला. मिस्त्री अनवाणीच त्याच्या मागे गेला आणि चढणीच्या तोंडाशी त्याला गाठलं.

"मामा, थांबा. आता कशाला वाहता?"

"का? विहिरीला पाणी लागलं?"

"तसं नाही. तुम्हाला कळलंय ना सगळं."

फौजीने डबे टेकवले. श्वास खाली बसू दिला. "अंगठ्याला कळलं," तो म्हणाला. "तेवढं पुरे."

"मग?"

"मग आज थांबलो तर लोक विचारतील, फौजी, आज का नाही? काय सांगू त्यांना? तुमच्या नावावर दुकान चालतं, आणि त्या दुकानावर माझ्या लेकीची चूल." त्याने पुन्हा कड्या धरल्या. "गाडी चालू होईपर्यंत वाहतो. पुढे विसरतात लोक."

मिस्त्रीने डब्यांना हात घातला. फौजी सोडेना. दोघांनी बोलल्याशिवाय ओढाताण केली, पाणी दोघांच्या पायांवर सांडलं. शेवटी मिस्त्रीने डबे हिसकावलेच आणि चढायला लागला.

पहिल्या वळणापर्यंत त्याचा भाता झाला. पोटऱ्या ताठल्या, कड्या बोटांत रुतल्या. बायका त्याला मागे टाकून जात होत्या, आणि जाताना एकजण म्हणाली, "आज जावई का? फौजीची छिद्रं तुंबली वाटतं." बाकीच्या हसल्या. मागून फौजी रिकाम्या हातांनी येत होता, आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं.

वर वस्तीच्या टाक्याजवळ कारभारी पाणी वाटून देत होता. बायका रांगेत होत्या. मिस्त्रीने डबे ठेवले. दम जाईपर्यंत थांबला असता तर बोलणं राहिलं असतं, म्हणून तो धापा टाकतच बोलला.

"छिद्रं साफ होती. पहिल्यापासून साफ होती. मी टोप्या चुकीच्या बसवल्या. मामांना विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. आणि नाव त्यांचं पुढे केलं."

कुणाला काही कळलं नाही. टोप्या कसल्या? त्याने पुन्हा सांगितलं, ठोकळे, बेअरिंग, दोन ठिपके, तीन ठिपके. तरी बायका तोंडाकडेच बघत राहिल्या. जी गोष्ट एकदा सांगताना त्याचा जीव जात होता, ती त्याला तीनदा सांगावी लागली, आणि दर वेळी आणखी सोप्या शब्दांत. रस्त्यावरचं चिखलपाणी हंड्यात घेतलेली म्हातारी रांगेतून पुढे आली.

"म्हणजे चूक तुझी," ती म्हणाली, "आणि पाणी वाहिलं त्याने."

"हो."

"याची टोपी त्याच्या डोक्यावर," कारभारी पुटपुटला. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. फौजी लांब दगडावर बसला होता. तो खाली खोऱ्याकडे तोंड करून बसला होता आणि इकडे काय चाललंय ते आपल्या कानावर नाही असं दाखवत होता.

म्हातारीने मिस्त्रीचे डबे टाक्यात रिकामे केले आणि परत त्याच्या हातात दिले. "त्याच्या रोज तीन खेपा असतात," ती म्हणाली. "दोन राहिल्या."

त्या दोन खेपा मिस्त्रीने केल्या. घरी आला तेव्हा बायको भिंतीच्या पलीकडे भांडी घासत होती. चढणीवरची बातमी अजून खाली उतरली नव्हती. तो उंबऱ्यात बसला आणि त्याने चौथ्यांदा तीच गोष्ट सांगितली. तिला टोप्या समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. या शेडमधल्या टोप्या तिनेच कितीदा रॉकेलने धुतल्या होत्या. तिचे हात राखेत थांबले. ती ओरडेल, भांडं आदळेल, असं त्याला वाटलं.

"त्यांची गुंडाळी मी काढून घेतली," ती म्हणाली. "माझ्या हाताने."

मिस्त्रीने तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. हात धुतले, स्टूल ओढलं, फळीवरचे डबे बाजूला सारले आणि गुंडाळी काढली. पदराने तिच्यावरची धूळ पुसली. फौजी अंगणात पायरीवर बसला होता. ती त्याच्यासमोर गेली आणि तिने गुंडाळी त्याच्या मांडीवर ठेवली. बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो हात खाली आणून गुंडाळीचा बंद सोडायला लागला.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कारभारी होता, लंबू होता, बातमी ऐकून आलेली आणखीही माणसं होती. बायकोही मधल्या दारात येऊन उभी राहिली; एरवी ती कधी येत नसे. मिस्त्रीने क्रँक ब्लॉकमध्ये ठेवला, बेअरिंगांना ऑइल लावलं. मग मधल्या दोन टोप्या दोन हातांत घेऊन तो फौजीसमोर उभा राहिला. कुठली कुठे हे त्याला आता चांगलं माहीत होतं, आणि त्याला ते माहीत आहे हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी त्याने विचारलं.

"मामा, एक नंबर कुठून?"

फौजीने टोप्या घेतल्या. अंगठ्याने चाचपल्या. कानस काढून मिस्त्रीचे ठिपके घासून टाकले, पंच लावला आणि नवे मारले.

"विचारलंत ना," तो म्हणाला. "आता कुठूनही मोजा."

त्याने टोप्या स्वतः बसवल्या. बोल्ट मिस्त्रीने आवळले, एकेक, आलटून पालटून, फौजी सांगेल तसे. लंबूने सवयीने पाइप उचलून पुढे केला. फौजीने तो हाताने बाजूला सारला आणि दांडा लावला.

"जावईबापू," तो म्हणाला, "जरा बघा बरं, जड आहे का."

मिस्त्रीने दांड्याला एक हात लावला. क्रँक फिरला. कुठे कुरकुर नाही, कुठे अडत नाही. लंबूने टाळी वाजवली, कारभारी काहीतरी चांगलं बोलला. मिस्त्री मान खाली घालून क्रँक फिरवतच राहिला, वर बघायला लागू नये म्हणून.